कंपवात, केमोथेरपी आणि चेतासंस्था : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहरात आणि निफाड, दिंडोरी, सिन्नर या तालुक्यांत आरोग्यविषयक व्याख्यानांनंतर श्रोते चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून देतात. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या आजाराच्या, व्याख्यानात कर्करोगाचा आणि कर्करोगाच्या व्याख्यानात हातापायांच्या मुंग्यांचा प्रश्न इतक्या वेळा आला, की हे विषय वेगळे ठेवण्यात अर्थ उरला नाही. संशोधनातून आजवर काय कळले आहे, एवढेच येथे सांगितले आहे. गोळी बदलायची की नाही, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचे आहे.

कंपवात आणि कर्करोगावरील उपचार यांचा एकमेकांशी संबंध काय?

रुग्णालयात मेंदूविकार एका मजल्यावर आणि कर्करोग दुसऱ्या मजल्यावर असतो, पण औषधाच्या रेणूला हे मजले ठाऊक नसतात. तो रक्तात शिरला की ज्या प्रथिनाला चिकटण्यासाठी तो घडला आहे, ते प्रथिन जिथे सापडेल तिथे चिकटतो, मग ते गाठीत असो, जठरात असो की पायाच्या अंगठ्याकडे जाणाऱ्या नसेत. केमोचे औषध नसा बधिर करते, उलटी थांबवणारी गोळी मान वाकडी करते, आणि रक्ताच्या कर्करोगावरचा एखादा नवा उपचार क्वचित कंपवातासारखी लक्षणे निर्माण करतो, या सगळ्यांमागे हेच एक कारण आहे.

वडिलांचा हात थरथरतो. म्हणजे पार्किन्सनच का?

तसे नाही. पार्किन्सनमधला कंप बहुधा हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना दिसतो, एका बाजूने सुरू होतो आणि हाताने काही काम करायला घेतले की कमी होतो. याउलट चहाचा कप ओठांजवळ नेताना किंवा सही करताना हात कापत असेल, दोन्ही हात कापत असतील आणि घरात आणखी कुणाला तसे होत असेल, तर तो ‘इसेन्शियल ट्रेमर’ असण्याची शक्यता अधिक असते आणि त्याचे उपचार निराळे आहेत. थायरॉईड वाढल्याने किंवा दम्याच्या काही औषधांनीही हात कापतो. शिवाय पार्किन्सनच्या काही रुग्णांना कंप नसतोच. हालचाली मंदावणे, चालताना एक हात न हलणे, अक्षर बारीक होत जाणे, एवढ्यावरच आजार ओळखावा लागतो. वास न येणे, बद्धकोष्ठता आणि झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणे ही लक्षणे तर कित्येकदा काही वर्षे आधी सुरू झालेली असतात. ती कुणी डॉक्टरांना सांगत नाही, कारण ती ‘त्या’ आजाराची असतील असे वाटतच नाही.

आयुर्वेदात कंपवात सांगितलेला आहे, मग खाजकुइलीचे बी का घेऊ नये?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण खाजकुइलीच्या, म्हणजेच कवचबीजाच्या बियांत लेव्होडोपा खरोखरच असतो आणि आजही पार्किन्सनवर सर्वांत प्रभावी असलेले औषध लेव्होडोपाच आहे. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये लंडनमध्ये या आजाराचे वर्णन केले. परंतु मेंदूत नेमके काय कमी पडते हे कळायला त्यानंतर १४० हून अधिक वर्षे जावी लागली. स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास डोपामिन हा मेंदूतला स्वतंत्र संदेशवाहक आहे हे दाखवले, ज्यासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९६७ मध्ये जॉर्ज कॉटझियास यांनी तोंडाने भरपूर लेव्होडोपा दिल्यास जखडलेले रुग्ण पुन्हा चालू लागतात हे सिद्ध केले. थेट डोपामिन देऊन उपयोग होत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ते ओलांडत नाही; लेव्होडोपा मात्र अमिनो आम्लाच्या वाटेने आत शिरतो आणि तिथे गेल्यावर त्याचे डोपामिन होते.

बियांच्या चूर्णावर चाचण्याही झाल्या आहेत. लंडनमध्ये २००४ साली ८ रुग्णांवर आणि बोलिव्हियात २०१७ साली १८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासांत एकेका डोसचा परिणाम गोळीच्या तोडीचा आढळला. अडचण दुसरीकडे आहे. गोळीत लेव्होडोपासोबत कार्बिडोपा असते, जे मेंदूबाहेर डोपामिन होऊ देत नाही आणि त्यामुळे मळमळ कमी होते. चूर्णात ते नसते. त्यातच एका पुडीत आणि दुसऱ्या पुडीत लेव्होडोपाचे प्रमाण सारखे असेल याची खात्री कुणी देत नाही. आधीच गोळी चालू असताना वरून चूर्ण घेणे म्हणजे नकळत डोस वाढवणे होय आणि त्यातून हातापायांच्या अनावर हालचाली किंवा भास सुरू होऊ शकतात. चूर्ण घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, एवढे तरी नक्की करा.

रविवारी सकाळी मिसळ खाल्ली की आईच्या गोळीचा परिणाम होत नाही. हा भ्रम आहे का?

भ्रम नाही, आईचे निरीक्षण अचूक आहे. मटकी आणि फरसाणातले बेसन यांतून भरपूर प्रथिने मिळतात, ती पचून अमिनो आम्ले होतात, आणि आतड्यातून रक्तात व रक्तातून मेंदूत शिरण्यासाठी लेव्होडोपाला याच अमिनो आम्लांशी दारात धक्काबुक्की करावी लागते. वरच्या तर्रीमुळे जठर उशिरा रिकामे होते ते वेगळेच. मिसळ बंद करण्याची गरज नाही. गोळी खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घेतल्यास फरक पडतो. प्रथिनेच सोडून देणे मात्र वाईट, कारण या आजारात वजन आणि स्नायू आधीच घटत असतात.

द्राक्षबागेत वर्षानुवर्षे फवारणी केली. त्यामुळे पार्किन्सन होतो का?

निफाड-दिंडोरीत हा प्रश्न न येता व्याख्यान संपत नाही. उत्तराची सुरुवात शेतातून होत नाही, ती कॅलिफोर्नियातून होते. १९८२ मध्ये तिथे काही तरुण अचानक पुतळ्यासारखे जखडलेले आढळले. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट हेरॉईनमध्ये एमपीटीपी नावाचे द्रव्य अनवधानाने तयार झाले होते आणि त्याने त्यांच्या मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी नेमक्या टिपून मारल्या होत्या, हे डॉ. विल्यम लँगस्टन यांनी शोधून काढले. शरीरात एमपीटीपीपासून जो विषारी पदार्थ बनतो, त्याची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती आहे, आणि तिथून कीटकनाशकांकडे संशय वळला.

पुढे अमेरिकेत फवारणी करणाऱ्यांवरच्या एका मोठ्या अभ्यासात, २०११ साली, पॅराक्वाट किंवा रोटेनोन हे कीटकनाशक वापरलेल्यांमध्ये पार्किन्सनचे प्रमाण न वापरलेल्यांच्या सुमारे अडीच पट आढळले. त्याच लोकांकडे २०१५ मध्ये पुन्हा पाहिले, तेव्हा पॅराक्वाटचा हा संबंध हातमोजे न घालणाऱ्यांमध्येच ठळक होता असे दिसले. युरोपीय संघात पॅराक्वाटला २००७ पासून परवानगी नाही.

याचा अर्थ असा की ‘औषध मारणे’ हा एकच एक धोका नसून कोणते औषध, किती वर्षे आणि कातडीवर किती सांडले, यांवर तो अवलंबून आहे. डावणी आणि भुरी या द्राक्षांवरच्या रोगांसाठी मारली जाणारी बुरशीनाशके आणि बांधावर मारले जाणारे तणनाशक यांना एका मापाने मोजता येत नाही. एखाद्या एका माणसाचा आजार फवारणीमुळेच झाला, असेही कुणाला छातीठोकपणे सांगता येणार नाही, कारण वय आणि जनुके यांचाही त्यात वाटा असतो. उघड्या हाताने टाकीतले द्रावण ढवळण्याची पद्धत मात्र आजच थांबवता येण्यासारखी आहे. द्राक्षे खाणाऱ्यांना हे निष्कर्ष लावू नयेत. ते फवारणाऱ्यांवरचे अभ्यास आहेत.

भांडी बाजारातून आणलेल्या तांब्याच्या हंड्यातले पाणी पितो. त्याने विल्सनचा आजार होईल का?

निरोगी माणसाला होणार नाही. विल्सनचा आजार आनुवंशिक आहे. जास्तीचे तांबे पित्तावाटे बाहेर टाकणाऱ्या एटीपी७बी या जनुकात दोष आई आणि वडील अशा दोघांकडूनही आला, तरच तो होतो. मग तांबे यकृतात आणि मेंदूत साठते, आणि शाळा-कॉलेजच्या वयातल्या मुलाचे अक्षर बिघडणे, बोलणे जड होणे, हात फडफडणे किंवा कावीळ होणे अशी सुरुवात होते. ज्याला हा आजार आहे त्याने मात्र तांब्याच्या भांड्यातले पाणी टाळायचे असते. हालचालींच्या आजारांत हा विशेष महत्त्वाचा, कारण तो वेळीच सापडला तर गोळ्यांनी आटोक्यात राहतो, आणि म्हणूनच तरुण वयात कंप आला तर तांब्याची तपासणी वगळू नये. एका भावंडाला आढळला की बाकीच्या भावंडांची तपासणी लक्षणे नसली तरी करतात.

केमोनंतर पायांना मुंग्या येतात, चप्पल सटकली तरी कळत नाही. कर्करोग नसांत पसरला का?

बहुतेक वेळा हा औषधाचा परिणाम असतो, पण तो डॉक्टरांना त्या-त्या वेळी सांगितलाच पाहिजे.

पेशीच्या आत सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात. पेशीचे दोन भाग होताना गुणसूत्रे ओढून नेण्यासाठी तिला हे रूळ लागतात, आणि गाठीतल्या पेशी सतत दुभंगत असल्याने त्यांच्यावर घाव घालायला ही जागा सोयीची ठरते. सदाफुलीपासून मिळणारी विनब्लास्टीन आणि विनक्रिस्टीन ही औषधे रूळ जुळूच देत नाहीत. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बियर सदाफुलीत मधुमेहाचे औषध शोधत होते. साखर उतरली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी घटल्या, आणि त्यातून १९५८ मध्ये विनब्लास्टीन हाती लागले. पॅक्लिटॅक्सेल नेमके उलट करते, ते रूळ इतके घट्ट करते की सुटतच नाहीत. यू नावाच्या झाडाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल वेगळे करून त्याची रचना १९७१ मध्ये मांडणाऱ्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक, मनसुख वाणी, हे आपल्या नाशिक विभागातल्या नंदुरबारला जन्मलेले होते. दुसरे मन्रो वॉल. वाणी यांच्या नावाचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच होतो, याचे आश्चर्य वाटते.

आता नसेचा विचार करा. चेतापेशी दुभंगत नाही, पण रूळ तिलाही लागतात, कारण कमरेजवळ असलेल्या पेशीपासून पायाच्या बोटापर्यंतचा तिचा तंतू जवळपास एक मीटर लांब असतो आणि त्याला लागणारी रसद याच रुळांवरून जाते. तिचा वेग फार तर दिवसाला ४० सेंटिमीटरच्या आसपास. रूळ उखडले किंवा जाम झाले की सर्वांत लांबच्या स्थानकाची उपासमार आधी होते. म्हणून मुंग्या बोटांपासून सुरू होतात आणि मोजा चढवावा तशा वर सरकतात. सिस्प्लॅटिनसारखी प्लॅटिनमयुक्त औषधे वेगळ्या रीतीने, कण्यालगतच्या संवेदनापेशींनाच इजा करतात. त्यांच्या बाबतीत केमो संपल्यावरही दोन-तीन महिने त्रास वाढत राहू शकतो, आणि नेमक्या त्याच वेळी नातेवाईक घाबरून जातात.

मधुमेह असेल किंवा घरात पायांच्या नसांचा आनुवंशिक आजार असेल, तर पहिल्या सलाईनच्या आधी सांगावे.

सदाफुली अंगणातच आहे. पाने चावून खाल्ली तर?

खाऊ नयेत. पानांत औषधी अल्कलॉइड अत्यल्प आणि अनिश्चित प्रमाणात असते, विषारी मात्र इतर अनेक असतात.

थंडीत गार पाण्याला हात लावला की विजेचा झटका बसल्यासारखे का होते?

हा ऑक्झालीप्लॅटिनचा खास परिणाम आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हे औषध नेहमी दिले जाते. त्याने नसांतले सोडियमचे मार्ग चाळवले जातात आणि गारठ्यात त्या विनाकारण संदेश सोडू लागतात. निफाडला पारा उतरतो त्या दिवसांत केमो चालू असेल तर सलाईननंतरचे काही दिवस कोमट पाणी प्यावे, भांडी घासायला नळाचे गार पाणी घेऊ नये, पहाटे बाहेर पडताना नाकातोंडावर रुमाल बांधावा आणि फ्रिजमध्ये हात घालण्याआधी हातमोजे घालावेत. घशात काही अडकल्यासारखे वाटून श्वास कोंडल्याची भीती वाटते, पण गारवा टाळला की ती भावना ओसरते. खरोखरच धाप लागली किंवा अंगावर पित्त उठले, तर ती अ‍ॅलर्जी असू शकते आणि मग थांबून चालत नाही.

या बधिरपणावर औषध आहे का?

वेदना असतील तर ड्युलोक्सेटीन या एकाच गोळीला चाचण्यांचा भक्कम आधार आहे. नुसता बधिरपणा तिने जात नाही. बी जीवनसत्त्वांच्या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात, परंतु कमतरता नसताना त्यांचा उपयोग होतो असे दिसलेले नाही, आणि बी६ तर जास्त झाल्यास स्वतःच नसा बिघडवते.

संशोधनात मात्र इथे खरी हालचाल आहे. कापलेली नस कशी झडते हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसांवर पाहिले होते, आणि ती रसद तुटल्यामुळे आपोआप मरते असे पुढे शंभराहून अधिक वर्षे मानले गेले. १९८९ मध्ये ऑक्सफर्डमध्ये उंदरांची एक जात सापडली, जिच्यात कापलेल्या नसा आठवडेच्या आठवडे शाबूत राहत. म्हणजे नस निमूटपणे मरत नाही, तिच्यात स्वतःला संपवण्याची यंत्रणा असते. २०१२ मध्ये तिची कळ (ती सुरू करणारे बटण) सापडली, सार्म१ नावाचे प्रथिन, जे पेशीच्या ऊर्जेसाठी लागणारे एनएडी संपवून टाकते. सार्म१ नसलेल्या उंदरांना विनक्रिस्टीन दिले, तेव्हा त्यांच्या नसा वाचल्या. ही कळ बंद करणारे औषध माणसांत चालले तर ते केमोपुरते मर्यादित राहणार नाही. पण आज मेडिकलच्या दुकानात असे काही मिळत नाही; ‘एनएडी वाढवणाऱ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या गोळ्या म्हणजे ते औषध नव्हे.

उलटीच्या इंजेक्शननंतर मुलीची मान वाकडी झाली आणि डोळे वर गेले. ही फिट होती का?

बहुधा नाही. मेटोक्लोप्रामाइडसारखी औषधे मेंदूतल्या उलटीच्या केंद्रात डोपामिन अडवतात, पण हालचालींच्या केंद्रातही शिरतात, आणि विशेषतः तरुणांत असे आचके येतात. शुद्ध हरपत नाही, आणि योग्य इंजेक्शनने काही मिनिटांत आराम पडतो. केमोच्या उलट्यांसाठी सध्या जास्त वापरले जाणारे ऑनडॅन्सेट्रॉन हे डोपामिनच्या वाटेला जात नाही, म्हणून त्याने हा त्रास सहसा होत नाही.

ज्येष्ठांत याचेच संथ रूप दिसते. ‘गॅस’साठी महिनोन्‌महिने लेव्होसल्पिराइड किंवा चक्करेसाठी सिनारिझीन, फ्लुनारिझीन घेतल्याने हुबेहूब पार्किन्सनसारखा मंदपणा येतो, आणि गोळी थांबवल्यावर तो बहुतेकांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो. नव्या कंपाची तपासणी करायला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवीच घेऊन जावी. स्कॅनपेक्षा ती पिशवी अधिक सांगून जाते, असा अनुभव आहे.

कार-टी उपचारात रुग्णाला रोज एक वाक्य लिहायला का सांगतात?

या उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, कर्करोगाच्या पेशी ओळखण्याची जनुकीय शिकवण देऊन परत सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार१९ या उपचाराला भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. चिथावलेल्या प्रतिकारशक्तीचा परिणाम मेंदूवरही होऊ शकतो आणि त्याची पहिली खूण अक्षरात उमटते. काल सुवाच्य असलेले वाक्य आज वेडेवाकडे झाले, की डॉक्टर सावध होतात. बहुतेकांत हे उपचाराने ओसरते.

मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात, त्याच्या पेशींवरच्या बीसीएमए या खुणेवर रोखलेल्या एका कार-टी उपचारानंतर सुमारे ५ टक्के रुग्णांत चेहरा निर्विकार होणे, पावले लहान पडणे अशी कंपवातासारखी लक्षणे आली, आणि ती लेव्होडोपालाही दाद देईनात. एका मृत रुग्णाच्या मेंदूची तपासणी केल्यावर ती खूण हालचालींच्या केंद्रातल्या पेशींवरही आढळली.

कर्करोगाची गोळी पार्किन्सन बरा करते, अशी बातमी वाचली होती. ती खरी आहे का?

ती निलोटिनिब या, रक्ताच्या एका कर्करोगावरच्या गोळीबद्दल होती. २०१५ मध्ये अमेरिकेत अवघ्या १२ रुग्णांना ती दिली आणि सुधारणा दिसल्याचा गवगवा झाला. पण त्या अभ्यासात तुलनेसाठी खोटी गोळी घेणारा गट नव्हता. पुढे असा गट ठेवून ७६ रुग्णांवर चाचणी झाली तेव्हा फायदा दिसला नाही, आणि मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवतीच्या पाण्यात औषधाची पातळी रक्तातल्याच्या एक टक्काही भरली नाही. औषध मेंदूत पोहोचतच नव्हते.

पार्किन्सनमध्ये तुलनेचा गट नसलेल्या अभ्यासावर विसंबणे फार धोक्याचे, कारण २००१ मध्ये स्कॅन करून दाखवले गेले, की आपल्याला औषध मिळते आहे या नुसत्या अपेक्षेनेही रुग्णाच्या मेंदूत डोपामिन स्रवते. सुधारणा खरी असते, तिचे श्रेय फक्त गोळीचे नसते.

नाशिकहून एखाद्या चाचणीत भाग घेता येईल का?

येईल. १५ जून २००९ पासून भारतातल्या प्रत्येक औषधचाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया’ येथे करणे बंधनकारक आहे, आणि ती नोंद कुणालाही विनामूल्य पाहता येते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्ये असल्यामुळे चाचण्या तिथेच चालतात असा अनेकांचा समज असतो; विद्यापीठाला राज्यभरची महाविद्यालये संलग्न आहेत, चाचणी मात्र ज्या रुग्णालयात नोंदवलेली असेल तिथेच होते. संमतिपत्र मराठीत मागण्याचा, ते घरी नेऊन वाचण्याचा आणि चाचणी कधीही सोडण्याचा आपल्याला हक्क आहे. चाचणीमुळे इजा झाल्यास वैद्यकीय उपचार आणि भरपाई देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. नोंदणी क्रमांक न सांगता कुणी पैसे मागत असेल, तर ती चाचणी नव्हे.

मृत्यूनंतर मेंदू संशोधनासाठी देता येतो का?

देता येतो. बंगळूरुच्या निम्हान्स या मेंदू व मानसिक आरोग्याच्या संस्थेत १९९५ पासून मेंदूपेढी आहे. मेंदू मृत्यूनंतर काही तासांतच काढून जपावा लागतो, म्हणून नाशिकच्या कुटुंबाने ऐनवेळी फोन करून भागत नाही. आधी संस्थेशी आणि आपल्या डॉक्टरांशी बोलून व्यवस्था शक्य आहे का हे पाहावे लागते. वैद्यकीय महाविद्यालयाला केलेले देहदान वेगळे. तो देह प्रामुख्याने शिकवण्यासाठी वापरला जातो.

चिठ्ठीत या प्रश्नाखाली एका गृहस्थांनी विचारले होते की, एका मेंदूने असा काय फरक पडणार? १९६० मध्ये व्हिएन्नात एहरिंगर आणि हॉर्निकिएविच यांनी पार्किन्सनमध्ये डोपामिन आटते हे पहिल्यांदा दाखवले, तेव्हा त्यांच्यासमोर पार्किन्सनच्या रुग्णांचे मेंदू होते एकूण सहा.